मोठे अलॉय (मिश्रधातूच्या रिम) टाकले की गाडी जास्त पळते?

"१६ काढून १७ इंची अलॉय टाका, पिकअप वाढतो" असं आपल्याकडं लातूर-बीडपासून जालन्यापर्यंत सगळेच सांगतात, पण तसं होत नाही.

१९५/५५ आर १६ (रुंदी १९५ मिमी, बाजूची उंची त्याच्या ५५ टक्के, रिम १६ इंची) टायरची उंची जवळपास ६२१ मिमी, तोच साईज आर १७ मध्ये ६४६, म्हणजे ४ टक्के जास्त, त्यामुळं गिअरिंग लांब होतं, म्हणजे चाकाच्या एका फेरीत गाडी जास्त अंतर जाते, चाकावरचा जोर तेवढाच कमी होतो अन् रिम जड असली तर पिकअप अजून मंदावतो. इंजिनची ताकद तीच राहते ना! वरून मीटर आधी बरोबर असेल तर ते आता १०० दाखवतं तेव्हा गाडी १०४ ने जात असते, हे लई धोक्याचं.

चेक करायचं तर मोकळ्या रोडवर मीटर ८० ला धरा, शेजारच्याला मोबाईलच्या जीपीएसवर स्पीड बघायला सांगा, टायर बदलायच्या आधी अन् नंतर. १७ च पाहिजे तर २०५/४५ घ्या, उंची ६१६ येते.