पाइप आणि फिटिंग यांची सुसंगती

व्यापारी इमारतीच्या प्लंबिंगमध्ये पाइप, फिटिंग, व्हॉल्व्ह आणि सांध्याला लावायचे सोल्युशन (प्लास्टिक जोडणारा द्रव) किंवा टेप या गोष्टी एकमेकांना, आतल्या पाण्याला आणि बाहेरच्या हवेला चालतील अशा निवडणे म्हणजे सुसंगती सांभाळणे. पाइप आयएसआय छापाचा आणि फिटिंगही आयएसआय छापाचे असले, तरी दोघांचे आपसात जमेलच असे नाही. गळती बहुधा दोन वेगळे पदार्थ भेटतात तिथेच सुरू होते.

ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात हा प्रश्न विशेष जाणवतो. वागळे इस्टेटमधल्या आणि ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एमआयडीसीतल्या जुन्या गाळ्यांत आता कार्यालये, जिम, क्लाउड किचन आणि तपासणी केंद्रे आली आहेत. राइझर (मजल्यांवर पाणी नेणारा उभा पाइप) जुना जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचा, आतले नवे काम सीपीव्हीसीचे (गरम पाण्याला चालणारे प्लास्टिक), नळ पितळेचे आणि प्रत्येक टप्प्याचा ठेकेदार निराळा, असे चित्र नेहमीचे आहे. पाणीही एकाच जातीचे नसते. नवी मुंबई महापालिकेचे पाणी मोरबे धरणातून येते, एमआयडीसीचे बारवीतून. ते कमी पडले की टँकर येतो, आणि खाडीजवळच्या बोअरचे पाणी मचूळ असू शकते. म्हणून साहित्य ठरवताना वर्षातले सगळ्यात वाईट पाणी धरून चालावे.

सर्वांत साधा घोटाळा मापाचा. दुकानात 'एक इंची' म्हटले तर तीन वेगळे पाइप मिळू शकतात. आयएस (भारतीय मानक) १५७७८ चा सीपीव्हीसी तांब्याच्या नळीच्या मापाने बनतो. त्याचा बाहेरचा व्यास २८.६ मिमी. शेड्यूल ४० किंवा ८० (पाइपच्या भिंतीच्या जाडीचे वर्ग) चा यूपीव्हीसी, म्हणजे साधे कडक पीव्हीसी, लोखंडी पाइपच्या मापाचा, म्हणजे ३३.४ मिमी. आयएस ४९८५ चा यूपीव्हीसी ३२ मिमी. यातला ३२ चा पाइप ३३.४ च्या सॉकेटमध्ये भरपूर सोल्युशन लावून बसवता येतो आणि काही दिवस टिकतोही; मग पंप सुरू-बंद होण्याच्या दणक्यांनी सांधा सुटतो. सीपीव्हीसीमध्येही दोन इंचांपर्यंत तांब्याचे माप आणि त्यापुढे लोखंडी पाइपचे माप चालते. त्यामुळे मोठ्या राइझरवरून मजल्याची लाइन काढताना रिड्यूसर (मोठ्या मापाला लहान माप जोडणारे फिटिंग) कोणत्या मापातून कोणत्या मापात जातो, हे ऑर्डरमध्ये लिहून द्यावे लागते. सोल्युशनही पदार्थागणिक वेगळे असते: पीव्हीसीचे सोल्युशन सीपीव्हीसीला चालत नाही. पीपीआर आणि एचडीपीई या जातींचे प्लास्टिक पाइप तर चिकटतच नाहीत. ते तापवून एकजीव करावे लागतात.

आट्यांचेही तसेच. आपल्याकडचे आटे आयएस ५५४ चे, ५५ अंशांचे. अमेरिकी यंत्रसामग्रीवर ते ६० अंशांचे असतात. अर्धा आणि पाऊण इंचाला दोन्हींत इंचामागे १४ आटेच असल्याने निपल बिनबोभाट फिरतो आणि नंतर पाझरत राहतो. एक इंचाला ११ विरुद्ध साडेअकरा आटे पडतात. ते लवकर अडकतात, म्हणजे निदान चूक तिथल्या तिथे कळते. लोखंडी निपल प्लास्टिकच्या आत आटे असलेल्या फिटिंगमध्ये आवळला तर निमुळते आटे पाचरीचे काम करून फिटिंग फोडतात. तिथे पितळी आट्यांचेच एफटीए (आतून आटे असलेले जोडफिटिंग) वापरावे. जीआयवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला धागा-सफेदा (धागा आणि तेलात कालवलेला पांढरा लेप) सीपीव्हीसीच्या आट्यांवर लावू नये. त्यातले तेल हळूहळू प्लास्टिकला तडे पाडते. टेफ्लॉन टेप पुरे.

सीपीव्हीसीला तेलाप्रमाणेच मऊ पीव्हीसीचेही वावडे आहे. वायरच्या आवरणात ते मऊ ठेवणारी द्रव्ये असतात आणि ती पाइपमध्ये झिरपतात. इमारतीच्या डक्टमध्ये इंटरनेटवाले आपल्या केबली प्लंबिंगच्या राइझरलाच बांधून जातात, हे कोणत्याही सोसायटीत पाहायला मिळेल. एसीच्या काही गॅसांबरोबर फिरणारे कृत्रिम तेलही असेच घातक ठरते.

धातूंमध्ये जस्त, लोखंड, पितळ, तांबे अशी उतरंड आहे. ओल्या सांध्यात जस्त आणि लोखंड झिजतात, तांबे टिकते. म्हणून पाण्याच्या वाटेवर तांबे आधी आणि जीआय नंतर असे कधी ठेवू नये. तांब्याचे कण वाहत जाऊन जस्तावर बसतात आणि तिथे खड्डे पाडतात. आकाराचाही हिशेब असतो. लांब जीआय लाइनवर एखादा पितळी व्हॉल्व्ह खपून जातो, पण दोन मोठ्या पितळी व्हॉल्व्हमधला छोटा जीआय निपल लवकर संपतो. पंपरूममध्ये गळती शोधताना आधी तोच पाहावा. गरम पाणी ६० अंशांच्या वर गेले की जस्ताचे संरक्षणही भरवशाचे राहत नाही.

स्टेनलेस स्टील म्हटले की काम झाले, हा समज खाडीकाठी महाग पडतो. ३०४ जातीच्या स्टीलला लिटरमागे २०० मिलिग्रॅमच्या आसपासच क्लोराइड झेपते असे ढोबळ गणित आहे. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० मध्ये २५० पर्यंत चालते आणि दुसरा स्रोत नसेल तर १००० पर्यंत. पिण्याला योग्य पाणी पाइपला अयोग्य असू शकते ते असे. अशा पाण्याला आणि गच्चीवरच्या खाऱ्या हवेला ३१६ जातीचे स्टील घ्यावे. उलट आरओचे पाणी क्षारांचे भुकेले असते, ते जीआय आणि तांबे खाते. तिथे स्टेनलेस किंवा प्लास्टिक.

उष्णतेने सीपीव्हीसी दहा मीटरला ४० अंशांच्या फरकात साधारण २५ ते २८ मिमी वाढतो, लोखंड जेमतेम ५ मिमी. ही वाढ वळणांमध्ये किंवा लूपमध्ये जिरवली नाही, तर भिंतीत जखडलेला एल्बो तुटतो. दाबाची ताकदही उष्णतेने घटते: एसडीआर ११ चा (बाहेरचा व्यास भिंतीच्या जाडीच्या ११ पट असलेला) सीपीव्हीसी पाइप २३ अंशांना चौरस सेंटीमीटरला २८ किलो सोसतो, ८२ अंशांना फक्त ७. तीस मजली इमारतीत नुसत्या उंचीचाच दाब तळाशी ९ किलोच्या घरात जातो. म्हणून गरम लाइनचे झोन पाडून दाब कमी करणारे व्हॉल्व्ह बसवतात.

सांडपाण्यात नियम सोपा आहे. शौचालयांना आयएस १३५९२ चा एसडब्ल्यूआर (सांडपाण्याचा पीव्हीसी) पाइप ठीक. हॉटेलच्या भटारखान्यातून उकळते पाणी येत असेल तर तो मऊ पडून झोळ येतो, तिथे बिडाचा पाइप घालतात.

फॉल्स सीलिंग बंद होण्याआधी लाइन पाणी भरून, कामाच्या दाबाच्या दीडपटीवर तपासतात. प्लास्टिक पाइपची चाचणी दाबाच्या हवेने करत नाहीत, कारण फुटला तर तुकडे उडतात. गरम लाइन मात्र एकदा गीझर किंवा बॉयलर चालू करूनही पाहावी. थंड पाण्याच्या चाचणीत पाइपची वाढ दिसत नाही.