प्रिपेअर्ड पियानो

पियानोच्या तारांमध्ये स्क्रू, बोल्ट, नट, रबर, प्लॅस्टिकचे तुकडे अडकवून त्याचा नाद बदलण्याची पद्धत. पट्टी दाबली की ओळखीच्या स्वराऐवजी कुठे घंटेची किणकिण उमटते, कुठे लाकडावरची टकटक, कुठे मडक्यावर थाप पडल्यासारखा ठोका. वादक एकच, पण तालवाद्यांचा अख्खा ताफा बसला आहे असे वाटते.

गरजही तीच होती. १९४० च्या सुमारास सिअ‍ॅटलच्या कॉर्निश स्कूल या कलाशाळेत अमेरिकन संगीतकार जॉन केज (१९१२–१९९२) यांना सिव्हिला फोर्ट यांच्या नृत्यासाठी संगीत हवे होते. रंगमंच लहान, तालवाद्ये मावेनात, हाताशी फक्त पियानो. त्यांनी तारांवर थाळी ठेवली, ती उडू लागली. खिळे घातले, ते निसटले. स्क्रू मात्र पक्का बसला. 'बॅकनाल' ही रचना त्यातून झाली. तारा थेट हाताने छेडण्याचे प्रयोग त्यांचे गुरू हेन्री कॉवेल यांनी १९२० च्या दशकातच केले होते.

पुणेकर श्रोत्याला हे सारे परके वाटण्याचे कारण नाही. सवाई गंधर्व महोत्सवात गायन सुरू होण्याआधी तानपुऱ्याची घोडी आणि तार यांच्यामध्ये दोरा सरकवून जवारी, म्हणजे तारेची गुंजारव करणारी झंकार, लावतात. दोरा केसभर हलला की सारा नाद खुलतो किंवा मिटतो. पखवाजाच्या डाव्या पुडीवर कणीक थापतात तीही याच जातीची कृती. फ्रेंच संगीतकार मोरिस दलाज यांनी तर केजच्या कितीतरी आधी, आपल्या 'रागमालिका' या रचनेत भारतीय तालवाद्याचा भास व्हावा म्हणून पियानोच्या एका तारेखाली पुठ्ठा ठेवायला सांगितला होता.

या पद्धतीची सर्वांत समृद्ध रचना म्हणजे केज यांची 'सोनाटाज अँड इंटरल्यूड्स' (१९४६–४८): १६ सोनाटा (छोट्या स्वतंत्र रचना), ४ इंटरल्यूड (मधले तुकडे), आणि ४५ स्वरांच्या तारांत अडकवलेल्या वस्तू. कोणती वस्तू, कोणत्या तारांमध्ये, किती अंतरावर, याचा तक्ताच सोबत दिलेला आहे. १९४६ मध्ये अहमदाबादच्या गीता साराभाई न्यूयॉर्कला गेल्या. त्या स्वतः पखवाज वाजवत. त्यांनी केज यांना भारतीय संगीत शिकवले, त्यांच्याकडून पाश्चात्त्य संगीत शिकल्या. त्याच सुमारास केज यांनी भारतीय कलेचे अभ्यासक आनंद कुमारस्वामी यांचे लेखन वाचले आणि या रचनेत शांतरसाकडे झुकणारे नऊ रस मांडायचे ठरवले. पहिल्यांदा ऐकणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी, आणि स्वर शोधण्याआधी ठेका धरावा.

पियानोच्या वरच्या पट्ट्यांना प्रत्येकी तीन तारा असतात. आडव्या तारांच्या ग्रँड पियानोत डावे पेडल दाबले की हातोडी बाजूला सरकून त्यांतल्या दोनच तारांवर पडते; म्हणून वस्तू कोणत्या तारांमध्ये आहे त्यानुसार एकाच पट्टीतून दोन वेगळे आवाज निघतात. उभ्या पियानोत तारा उभ्या असल्याने वस्तू नीट टिकत नाहीत, ग्रँडच लागतो. बाकी साहित्य रविवार पेठेतल्या बोहरी आळीत सहज मिळेल. वस्तू घालताना उजवे पेडल दाबून ठेवावे, म्हणजे तारांवरचे डँपर (नाद थांबवणाऱ्या गाद्या) उचललेले राहतात. जाड बोल्ट जबरीने ठोकू नये, तार जागेवरून हटते. बेताने बसवलेला स्क्रू काढला की पियानो पुन्हा पहिल्यासारखा वाजतो.