सरासरी अंतर की आवाक्यातली माणसं?

नव्या उद्यानाची जागा ठरवायची म्हटलं की नाशिकमध्ये सगळे एकच सांगतात, लोकांना जवळ पडेल अशी हवी. पण गणितात या 'जवळ'चे दोन वेगळे अर्थ आहेत, आणि त्यांची गल्लत झाली तर बाग भलत्याच ठिकाणी उभी राहते.

पहिला अर्थ म्हणजे सगळ्यांच्या चालण्याची बेरीज कमीत कमी करायची. हे पी-मीडियन. हकिमी या संशोधकांनी १९६४-६५ साली टेलिफोनच्या स्विचिंग केंद्रांच्या निमित्ताने ते मांडलं. दुसरा म्हणजे एक मर्यादा धरायची, समजा ५०० मीटर, आणि तिच्या आत जास्तीत जास्त माणसं बसवायची. हे चर्च आणि रेव्हेल या संशोधकांचं १९७४ सालचं मॅक्सिमल कव्हरिंग.

एका सरळ रस्त्यावर एकेक किलोमीटरवर तीन वसाहती आहेत असं धरू. पहिलीत ४०० माणसं, पुढच्या दोन्हींत ३००-३००. बाग एकच करायची आहे. मधल्या वसाहतीपाशी केली तर सरासरी अंतर ७०० मीटर, पहिलीपाशी केली तर ९००. पी-मीडियन मधली जागा निवडतं. पण ५०० मीटरच्या आत मधल्या वसाहतीपाशी ३०० माणसं येतात आणि पहिलीपाशी ४००, म्हणून कव्हरिंग पहिली निवडतं. शिवाय ते सरासरी ७०० मीटर प्रत्यक्षात कुणीच चालत नाही. दहातल्या तिघांच्या दारात बाग, सातजणांना किलोमीटरभर पायपीट, असा तो हिशोब आहे.

गल्लीजवळच्या रोजच्या बागेसाठी मी कव्हरिंगच्या बाजूचा आहे. गुडघे दुखणाऱ्या आजीला सरासरीचा उपयोग नसतो. बाग तिच्या टप्प्यात असते किंवा नसते. पांडवलेणीजवळच्या नेहरू वनोद्यानाला मात्र लोक गाडी काढून जातात, तिथे एकूण अंतराची बेरीज पाहणंच बरं. कव्हरिंगचा दोषही मोठा आहे: त्याला ५०१ मीटर आणि २ किलोमीटर सारखेच. वरच्या उदाहरणातल्या दुसरी आणि तिसरी या वसाहती त्याच्या हिशोबातून पुसल्याच जातात. म्हणून उत्तर आल्यावर कोण बाहेर राहिलं याची यादी काढायलाच हवी.

आणि दोन्हींत अंतर रस्त्याने मोजायचं, नकाशावर पट्टी ठेवून नाही. पंचवटीतल्या घरापासून गोदावरीपलीकडची बाग सरळ रेषेत ३०० मीटरवर दिसेल, पण चालणाऱ्याला आधी पूल गाठावा लागतो.