क्वेसार आणि आंतरदीर्घिकीय वायू

क्वेसार म्हणजे दूरच्या दीर्घिकेचे अतितेजस्वी केंद्र होय. तेथील महाकाय कृष्णविवराकडे ओढला जाणारा वायू तापून इतका प्रखर होतो की त्यापुढे त्या दीर्घिकेतील सगळे तारे फिके पडतात. दुर्बिणीतून मात्र क्वेसार एखाद्या ताऱ्यासारखाच दिसतो आणि त्याची खरी ओळख वर्णपटावरून, म्हणजे तरंगलांबीनुसार विभागलेल्या प्रकाशावरून, पटते. १९६३ साली खगोलशास्त्रज्ञ मार्टेन श्मिट यांनी ३सी २७३ या रेडिओस्रोताच्या वर्णपटातील अनोळखी रेषा हायड्रोजनच्याच असून सुमारे १६ टक्क्यांनी तांबड्या बाजूला सरकलेल्या आहेत, हे दाखवून दिले.

३सी २७३ कन्या राशीत आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातून तो मेच्या पूर्वार्धात रात्री दहाच्या सुमारास डोक्यावरच्या बिंदूपासून दक्षिणेला जेमतेम १४ अंशांवर येतो. त्याची प्रत (तेजस्वितेचे माप; अंक जितका मोठा तितका प्रकाश अंधुक) सुमारे १३ असल्यामुळे शहरातील दिव्यांपासून दूर, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, आठ इंची दुर्बीण आणि चांगला तारानकाशा हाताशी असल्यास, व वळिवाच्या ढगांनी दगा दिला नाही तर, दोन अब्ज वर्षांहून जुना हा प्रकाश हौशी निरीक्षकालाही दिसू शकतो.

दोन दीर्घिकांच्या मधल्या पोकळीतील वायू इतका विरळ असतो की त्याचा स्वतःचा प्रकाश टिपणे फार अवघड असते. म्हणून त्याच्यामागे असलेल्या क्वेसारचा प्रकाश वाटेत कोठे शोषला गेला, हे तपासतात. उदासीन (इलेक्ट्रॉन न गमावलेला) हायड्रोजन १२१.६ नॅनोमीटर तरंगलांबीचा जंबुपार प्रकाश शोषतो. ताम्रसृती म्हणजे रेषा तांबड्या बाजूला सरकण्याचे प्रमाण; ती जितकी जास्त, तितका प्रकाश दूरचा आणि जुना. ताम्रसृती ३ असलेल्या क्वेसारची स्वतःची ही रेषा आपल्याकडे ४८६ नॅनोमीटरवर पोहोचते, तर वाटेतील २.५ ताम्रसृतीच्या ढगाची खूण ४२६ नॅनोमीटरजवळ उमटते. असे शेकडो ढग ओळीने आल्यामुळे वर्णपटात शोषणरेषांची दाटी होते. तिला लायमन-आल्फा अरण्य म्हणतात. गंमत अशी की जवळच्या, ठळक ३सी २७३ च्या बाबतीत या रेषा जंबुपार पट्ट्यातच राहतात आणि वातावरण त्या अडवते. त्यांसाठी हबल दुर्बिणीचीच मदत घ्यावी लागली. दूरचे, अंधुक क्वेसार मात्र जमिनीवरच्या मोठ्या दुर्बिणींना या कामी अधिक उपयोगी पडतात.

१९६५ साली जेम्स गन व ब्रूस पीटरसन यांनी एक नेमका मुद्दा मांडला: हा वायू बहुतांशी उदासीन असता, तर क्वेसारच्या लायमन-आल्फा (१२१.६ नॅनोमीटरच्या) रेषेच्या निळ्या बाजूचा प्रकाश जवळजवळ संपूर्ण नाहीसा झाला असता. तो मोठ्या प्रमाणावर पोहोचतो, म्हणजे वायू आयनीभूत (अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटलेला) आहे. सहापेक्षा जास्त ताम्रसृतीच्या क्वेसारमध्ये असा काळोखा पट्टा २००१ साली प्रत्यक्ष आढळला, आणि विश्वाच्या पुनर्आयनीभवनाचा, म्हणजे उदासीन वायू पुन्हा आयनीभूत होण्याचा, शेवटचा टप्पा हाती लागला.

कार्बन, मॅग्नेशियम यांच्या रेषांवरून ताऱ्यांनी घडवलेली मूलद्रव्ये वायूत कितपत मिसळली आहेत, हे कळते. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील आर. श्रीआनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली चिलीतील व्हीएलटी दुर्बिणीने टिपलेल्या वर्णपटातील कार्बनच्या अशाच रेषांवरून २.३४ ताम्रसृतीच्या काळी वैश्विक पार्श्वप्रारणाचे (महास्फोटानंतर विश्वभर उरलेल्या प्रारणाचे) तापमान ६ ते १४ केल्विनच्या दरम्यान असल्याचे दाखवले. आज ते २.७ केल्विन आहे.