नाल तासाभरात निघते, खुराला वर्ष लागतं

घोड्याला अनवाणी ठेवायचं म्हणून त्याच्या नाला काढणं हे नालबंदाला तासाभराचं काम. खुराच्या भिंतीबाहेर वळवलेली खिळ्यांची टोकं सरळ करायची, पकडीने नाल उचकटायची, कडा कानशीने गोल करायची, झालं. दुसऱ्या दिवशी तोच घोडा खडीवर पाय टाकताना अंग चोरतो आणि मालक निकाल देऊन टाकतो: "याला नालेशिवाय जमत नाही." निकाल फार घाईचा आहे.

खूर म्हणजे एक जाडजूड नख. त्याची भिंत, म्हणजे बाहेरचं टणक कवच, वर केसांच्या रेषेपाशी तयार होते आणि महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर खाली सरकते. पुढच्या बाजूची भिंत जमिनीपर्यंत पूर्ण नवी व्हायला ९ ते १२ महिने लागतात. टाचेकडची भिंत आखूड, म्हणून ती लवकर बदलते. खिळ्यांच्या भोकांनी पोखरलेला पट्टा पहिल्या काही आठवड्यांत कडेने तुटतो. दिसायला ते भयंकर दिसतं, पण एरवीही तो भाग कापूनच टाकायचा असतो.

खरी उणीव तळाशी असते. नाल ठोकलेल्या पायात वजनाचा बराचसा भार भिंतीची कडा घेते आणि तळवा जमिनीपासून उचललेला राहतो. तळव्याच्या मागच्या बाजूला पाचरीसारखी, रबरासारखी लवचीक गादी असते. तिला इंग्रजीतून आलेलं नाव 'फ्रॉग'. बेडकासारखं तिच्यात मला तरी काही दिसलेलं नाही. तिच्या वर, टाचेच्या आत, आणखी एक गादी असते. शिंगरात ती मऊ, चरबीयुक्त असते आणि चालून चालून, दाब झेलून तंतुमय, चिवट होत जाते. जो घोडा लहान वयात नालेवर चढला किंवा पागेत नुसता उभा राहिला, त्याची ही गादी कच्ची राहू शकते. मग टाच दुखते आणि घोडा खुराचं टोक आधी टेकवतो. कडेने मोबाइलवर संथ गतीचं चित्रीकरण केलं की हे स्पष्ट दिसतं. टाच आधी टेकायला लागली की समजावं, सुधारणा होते आहे.

म्हणून सुरुवात चालण्यापासून, आणि तीही सपाट, टणक जमिनीवर. गुळगुळीत डांबरी रस्ता अनेक घोड्यांना खडीपेक्षा कितीतरी सुखाचा वाटतो. खडकाळ वाटेवर रपेट करायची असेल तर खुराचे रबरी बूट चढवावेत. त्यात कमीपणा नाही. दुखऱ्या पायाने ओढत नेलेला घोडा पाय चुकीचा टाकायला शिकतो, आणि ही सवय मोडताना नाकी नऊ येतात.

तळवा चाकूने तासून चकचकीत करण्याची हौस मात्र आवरावी. तळव्याची जाडी १५ मिलिमीटरच्या आसपास असली तर बरी. १० च्या खाली गेली की प्रत्येक खडा आत पोचतो. ही जाडी क्ष-किरण चित्रात मोजता येते. कडेची छाटणी दर चार ते सहा आठवड्यांनी, थोडी थोडी.

चाऱ्याकडेही बघावं लागतं. पायातलं शेवटचं हाड खुराच्या भिंतीला आतून सुमारे ५५० ते ६०० पापुद्र्यांनी धरलेलं असतं. साखरेने भरलेलं गवत अतिरेकाने खाल्लं की काही घोड्यांच्या रक्तात इन्सुलिन वाढतं आणि हे पापुद्रे सुटू लागतात. खूर गरम लागला, घोट्याजवळची नाडी ठणठण उडायला लागली, तर नालेचा वाद बाजूला ठेवून पशुवैद्याला बोलवावं.

ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ग्रीक लेखक झेनोफोनने घोड्यांच्या अंगणात गोल दगड पसरायला सांगितलं होतं, खूर कणखर व्हावेत म्हणून. ग्रीकांकडे खिळ्यांची नाल नव्हतीच. आज काही घोडेवाले पाणवठ्याभोवती गोल गोटे टाकतात, ते याच हेतूने. तरी सगळेच घोडे अनवाणी होतील असं नाही. रोज खरखरीत रस्त्यावर मैलोन्‌मैल काम करणाऱ्याचा खूर वाढण्यापेक्षा वेगाने झिजतो. त्याला नाल किंवा बूट हवेतच.

बाकीच्यांच्या खुरावर दोन-तीन महिन्यांत केसांच्या रेषेखाली एक बाक दिसू लागतो. बाकाच्या वरची नवी भिंत अधिक उभी, हाडाला घट्ट बिलगलेली असते. खालची जुनी भिंत पुढे फेंदारलेली. महिन्यामागून महिना हा बाक खाली सरकतो. तो जमिनीला टेकेपर्यंत खडीवरच्या दुडकीचा हट्ट धरू नये.