यकृतातला पू आणि पाण्याची गाठ : पार्श्वभूमी

रक्ताची आव पडते आणि पुढे कधीतरी यकृतात पू होतो, हे नातं डॉक्टरांना फार आधीपासून जाणवत होतं. कारण मात्र हाती लागत नव्हतं. १८७५ मध्ये रशियात फेडोर लोश यांना आवेच्या रुग्णाच्या शौचात अमिबा दिसला. पुढच्या दशकात इजिप्तमध्ये रॉबर्ट कॉख आणि कार्टुलिस यांना तो यकृतातही सापडला.

उपचाराला वळण लागलं ते कलकत्त्यात. तोवर पोट उघडून पू काढत, जखम चिघळे आणि अनेक रुग्ण दगावत. १९१२ मध्ये लिओनार्ड रॉजर्स यांनी इपिकॅकच्या मुळीतल्या एमेटीनची इंजेक्शनं द्यायला सुरुवात केली. औषध हृदयाला घातक, तरी माणसं वाचू लागली. १९६० च्या दशकात मेट्रोनिडाझोल आलं. आज बहुतेक रुग्ण गोळ्यांनी बरे होतात. पूचा साठा मोठा असेल तर तो सुईने काढतात.

औषध एवढं पुढे गेलं, पाण्याचं काय? सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं. नळ कोरडा असतो तेव्हा वाहिनीतला दाब जातो आणि फुटक्या जागेतून गटाराचं पाणी आत शिरू शकतं. अमिबाच्या पुटीला, म्हणजे शौचातून बाहेर पडणाऱ्या त्याच्या कवचातल्या रूपाला, नेहमीचं क्लोरीन पुरत नाही. पाणी उकळलं की ती मरते. म्हणून पिंपात साठवलेलं पाणी उकळूनच प्यावं, हे मी आग्रहाने सांगेन. यकृतातला हा पू पुरुषांत कितीतरी जास्त आढळतो, त्यातही दारू-शिंदी पिणाऱ्यांत.

सांगोला, मंगळवेढ्याकडच्या मेंढपाळांनी दुसरा आजारही ओळखून ठेवावा. कुत्र्याच्या आतड्यातल्या बारीक फीतकृमीची अंडी माणसाच्या पोटात गेली की बहुधा यकृतातच पाण्याची गाठ धरते. वर्षानुवर्षं ती मुकाट वाढते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला जर्मनीत फोन झीबोल्ट यांनी अशा गाठी कुत्र्यांना खाऊ घातल्या आणि त्यांच्या आतड्यात कृमी तयार झालेले दाखवले. मेंढराची गाठ कुत्र्याच्या पोटात जाते आणि कुत्र्याची विष्ठा चाऱ्यावर पडून अंडी पुन्हा मेंढराच्या पोटात जातात, असं हे चक्र चालतं.

आइसलँडमध्ये हा रोग घरोघरी होता. १८६३ मध्ये डॅनिश संशोधक क्राबे यांनी तिथे जाऊन तपासणी केली. त्यानंतर लोकांना समजावणं, कुत्र्यांना जंताचं औषध देणं आणि कापलेल्या जनावराची आतडी-काळीज त्यांच्यापुढे न टाकणं, एवढ्यावर काही पिढ्यांत रोग हटला. आपल्याकडे जत्रेत बोकड-मेंढा कापला की गाठी असलेलं काळीज-फुप्फुस कुत्र्यांपुढे फेकतात. ते खोल पुरावं किंवा जाळावं.