काय गावतला, काय गावला

'एल्डन रिंग' हा व्हिडिओ गेम सुरू केला आणि पहिल्या गुहेतून बाहेर आलं, की समोरच्या वाटेवर सोनेरी चिलखतातला एक घोडेस्वार फेऱ्या मारताना दिसतो. त्याच्याशी लढलंच पाहिजे असं काही नाही. झुडपांच्या आडून वळसा घालून पुढे जाता येतं आणि त्याला हातही न लावता अख्खा गेम संपवता येतो. गेल्या पावसाळ्यात माझा भाचा त्याच्यासमोर थांबला, कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि मला म्हणाला, "मामा, ह्येका मारून काय गावतला?"

मला ठाऊक होतं, पण मी सांगितलं नाही. तीन संध्याकाळी गेल्या. दर वेळी घोडा उडी मारायचा आणि हा मरायचा. चौथ्या संध्याकाळी घोडेस्वार पडला, भाचा ओरडला, आणि आतून बहिणीने विचारलं, "काय रे, काय गावला?"

मिळण्याला मालवणीत गावणं म्हणतात. गावतला म्हणजे मिळेल, गावला म्हणजे मिळालं. दोन्हींत फरक फक्त काळाचा, पण या लेखाचा सगळा विषय त्या फरकात आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे आमिष, दुसऱ्याचं उत्तर म्हणजे बक्षीस. गेमबद्दल बोलताना आपण दोन्हींना 'रिवॉर्ड' म्हणून मोकळे होतो. मग एखादी ऐच्छिक लढाई कुणीच का लढत नाही, किंवा सगळे लढतात पण कुणालाच तिचा आनंद का होत नाही, हे काही उलगडत नाही.

आमिष लढाईच्या आधी काम करतं. चालत्या वाटेवरून खेळणाऱ्याला बाजूला ओढणं, एवढंच त्याचं काम. बक्षीस लढाईनंतर येतं आणि झालेल्या कष्टांची दखल घेतं. मुख्य कथेतल्या बॉसला, म्हणजे वाट अडवून बसलेल्या मोठ्या शत्रूला, आमिषाची गरज नसते, कारण पुढे जायला दुसरा रस्ताच नसतो. ऐच्छिक लढाईला मात्र ते लागतंच. आणि एकच तलवार दोन्ही होऊ शकते. सराईतल्या फळ्यावर 'अमुक राक्षस मारा, ही तलवार न्या' असं लिहिलं असेल तर ती आमिष. राक्षस पडल्यावर कुणी न सांगता हाती आली तर बक्षीस. वस्तू तीच असते, ती आपल्याला कधी कळते यावर तिचं काम बदलतं.

भाच्याचे वडील मासेमारीवाले. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, बोट झापांखाली झाकलेली असते, त्यामुळे त्या दिवसांत भावोजीही आमच्यासोबत स्क्रीनसमोर बसतात. माझं हे आमिष-बक्षीस ऐकून ते म्हणाले, "गरीक सुंगट लावतंव ता मासो येवचो म्हणान. घराक व्हरतंव तो मासो, सुंगट न्हय." (गरी म्हणजे गळ, सुंगट म्हणजे कोळंबी.) गेममध्ये गंमत अशी की गरीकडे ओढला जाणारा आणि मासा घरी नेणारा माणूस एकच असतो. म्हणूनच बहुधा घोळ होतो.

त्या घोडेस्वाराचं आमिष काय होतं? फळा नाही, कुणाची विनंती नाही, पैशाची बोली नाही. उघड्या माळावर, पहिल्या पाच मिनिटांत, सोन्यासारखा चमकणारा तो स्वतःच आमिष होता. बक्षीस म्हणून त्याचा सोनेरी परशू मिळतो. भाच्याने तो उघडून पाहिला आणि त्याचा चेहरा पडला. परशू पेलायला ताकद ३०, कौशल्य १४ आणि श्रद्धा १२ लागते. सुरुवातीच्या कुठल्याही पात्राची ताकद १६ च्या वर नसते. जिंकलेलं हत्यार हातात धरता येत नाही! मला आधी ही चूकच वाटली होती. पण पुढचे दहा दिवस भाचा प्रत्येक लेव्हलला ताकदच वाढवत गेला, कारण दोन्ही हातांनी धरला तर २० ताकदीवरही परशू चालतो. त्या बक्षिसाने त्याचं पात्र कसं घडवायचं ते ठरवून टाकलं. आधी फळ्यावर हेच आकडे लिहिले असते तर तो वळसा घालून निघून गेला असता. आमिष म्हणून कुचकामी असलेली वस्तू बक्षीस म्हणून उत्तम ठरते, ती अशी.

याच्या अगदी उलटं टोक म्हणजे २०१५ चा 'द विचर ३'. तिथला गेराल्ट पैसे घेऊन राक्षस मारणारा माणूस. गावातल्या फळ्यावर काम वाचायचं, ज्याने ते लावलंय त्याला गाठायचं आणि लढाईआधीच रकमेवर घासाघीस करायची. फार ताणलं तर समोरच्याच्या रागाची पट्टी भरते आणि घासाघीस तिथेच फिस्कटते. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळच्या मासळीच्या लिलावाला कुणी उभं राहिलं असेल तर त्याला हा खेळ शिकवावा लागणार नाही. इथे आमिष उघड आहे आणि ते शोभतं, कारण गेराल्टचा धंदाच तो आहे. पण मला खरं आवडतं ते पुढचं. मारलेल्या राक्षसाचं मुंडकं तो घोड्याच्या खोगिराला लटकवतो. त्याचा फायदा किरकोळ असतो. तरी पुढच्या गावात शिरताना ते लटकत असतं आणि आपल्याला दिसत असतं. नाणी आमिष होती, ती खर्चून जातात. मुंडकं हे बक्षीस, आणि त्याबद्दल सौदा करताना कुणी अवाक्षर काढलेलं नसतं.

एकाच गेममध्ये दोन्ही तऱ्हा पाहायच्या तर १९९२ च्या 'फायनल फँटसी ५' कडे जावं लागतं. शेवटच्या टप्प्यात तिथे ओमेगा नावाचं यंत्र उघड्यावर फिरतं. चुकवायचं तर चुकवा, भिडायचं तर भिडा. हरवलंत तर एक पदक मिळतं, ज्याचा लढाईत काडीचाही उपयोग नाही. ते फक्त सांगतं की ओमेगाला तुम्ही पाडलंत. त्याच टप्प्यात एका पेटीत रॅग्नारोक ही जबरदस्त तलवार आहे, पण पेटी उघडली की आतून शिनऱ्यू हा ड्रॅगन बाहेर पडतो. बहुतेकांना तलवार जास्त आवडते. मी पदकाच्या बाजूचा. पेटी उघडणाऱ्याने लढाई निवडलेली नसते, त्याने पेटी निवडलेली असते. पेटीचं आमिष दाखवून त्याला भलत्याच गोष्टीत ओढलं जातं. ओमेगाशी भिडणारा मात्र समोरचं संकट बघून, विचार करून पाऊल टाकतो, आणि पदक त्या पावलाची आठवण ठेवतं.

उशिरा येणारं मोठं बक्षीस हा या प्रकारातला नेहमीचा रोग. 'फायनल फँटसी ७' (१९९७) मध्ये समुद्राच्या तळाशी एमराल्ड वेपन फिरतं. हेल्थ १०,००,०००, आणि खास मटेरिया (शक्ती देणारा गोळा) नसेल तर हाताशी फक्त २० मिनिटं. जिंकल्यावर एक वीणा मिळते. काल्म नावाच्या गावात एक प्रवासी ती घेऊन तीन मास्टर मटेरिया देतो: सगळे मंत्र, सगळ्या आज्ञा, सगळी आवाहनं प्रत्येकी एकेका गोळ्यात. विचार करा, एमराल्डला पाडू शकणाऱ्याला आता आणखी बळ कशाला हवं? ते वापरायला कुणी उरलेलंच नसतं. २००६ च्या 'फायनल फँटसी १२' मधल्या याझमॅटची हेल्थ ५ कोटींच्या वर. मूळ आवृत्तीत एका फटक्याला ९,९९९ च्या वर जाता येत नसे, म्हणजे प्रत्येक फटका पूर्ण बसला तरी पाच हजारांहून जास्त फटके. तिथे सोन्याच्या राशी दिल्या तरी हिशेब जुळायचा नाही. म्हणून एवढ्या मोठ्या लढाईला खूणच द्यावी, बळ देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

आमिष जास्त झालं तर काय होतं, याचं उत्तर व्हिडिओ गेमच्या बाहेर, लहान मुलांच्या चित्रकलेत सापडतं. १९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतली अशी मुलं निवडली ज्यांना रंगीत पेनांनी चित्रं काढायला मुळातच आवडायचं. काहींना आधी सांगितलं, चित्र काढा, छान प्रमाणपत्र मिळेल. काहींना काही न सांगता शेवटी तेच प्रमाणपत्र दिलं. काहींना काहीच दिलं नाही. थोड्या दिवसांनी मोकळ्या वेळात पाहिलं, तर ज्यांना प्रमाणपत्र आधी कबूल केलं होतं त्या मुलांची पेनांकडची ओढ इतरांच्या निम्म्याच्या आसपास आलेली. अचानक प्रमाणपत्र मिळालेल्यांची ओढ शाबूत. कागद तोच, फीत तीच. गावतला म्हणून दिलं तिथे गोडी गेली, गावला म्हणून दिलं तिथे टिकली.

म्हणून कन्सोलवरच्या ट्रॉफ्यांबद्दल, म्हणजे ठरलेली कामगिरी केली की मिळणाऱ्या खुणांबद्दल, माझं मन साशंक आहे. एक्सबॉक्स ३६० वर २००५ पासून अचीव्हमेंट आल्या, प्लेस्टेशन ३ वर २००८ मध्ये ट्रॉफी. कल्पना बक्षिसाची, पण यादी बहुतेक वेळा आधीच उघडून वाचता येते, आणि मग ती कामांची यादी होते. भाचा एक महिना तसा खेळला. त्या महिन्यात त्याने एकदाही मला हाक मारून काही दाखवलं नाही.

'अंडरटेल' (२०१५) ने तर हाच घोळ कथेत आणला. तिथली एकही हत्या सक्तीची नाही, पण मारलं की ईएक्सपी मिळतात आणि एलव्ही वाढते. वर्षानुवर्षांच्या सवयीने आपण ते अनुभवगुण आणि लेव्हल समजून गोळा करतो. शेवटी कळतं की त्या अक्षरांचा अर्थ मृत्युदंडाचे गुण आणि हिंसेची पातळी. आमिष बिनदिक्कत गिळण्याची आपली सवय तिथे आपल्यासमोर उभी राहते.

मालवणात नारळी पौर्णिमेला नारळ लढवतात. एकाने मुठीत नारळ धरायचा, दुसऱ्याने त्यावर आपला हाणायचा, फुटेल तो जिंकणाऱ्याचा. आता मोठी बक्षिसं लावलेल्या स्पर्धाही होतात, गर्दी लोटते, आणि मला त्या आवडतातही. पण लहानपणी आम्ही लढवायचो तेव्हा दिवसभरात जिंकलेले पाचसहा फुटके नारळ पिशवीत घेऊन घरी यायचो आणि आई त्यांचं खोबरं खवून नारळीभातात घालायची. ते फुटके नारळ बाजारात फुकटही कुणी घेतले नसते. आम्ही मात्र प्रत्येक करवंटी कुणाची ते सांगू शकायचो.

श्रावणात भाचा 'एल्डन रिंग'मधल्या मलेनिया या योद्धीपर्यंत पोहोचला. तीही ऐच्छिक. दोन तुकड्यांचं गुप्त पदक जमवल्याशिवाय तिच्या झाडाकडे जाताच येत नाही, आणि तिचा प्रत्येक वार लागला की तिचीच जखम भरते. या वेळी त्याने काय गावतला ते विचारलं नाही. दोन आठवडे लागले. ती पडल्यावर तिची स्मृती हाती येते, आणि ती देऊन तिची तलवार घेता येते. आठ दिवसांनी मी पाहिलं तर स्मृती अजून थैलीतच.

"तलवार घेतलंस नाय?"

"ऱ्हवांदे, मामा."